चाळिसाव्या वर्षी ऑलिंपिक: बाई, खेळ आणि वेळ

(पन्हाळा येथे कार्यकर्त्यांच्या निवासी शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

सकाळच्या सत्रात पोटगीवर बोलणं झालं, मग सातबाऱ्यावर बायकोचं नाव लावण्यावर झालं. आता जेवणानंतरच्या सत्राला विषय आहे ‘बाई आणि खेळ’. हा विषय सांगितल्याबरोबर मागच्या रांगेतून एक शेरा आला, तो मी ऐकलाय. ‘आमच्या बायांना पाठ टेकायला वेळ नाही आणि तुम्ही खेळ कसला घेऊन बसलाय?’ शेरा बरोबर आहे. वेळ नाही, हेच खरं आहे, आणि मला आज त्या वेळेबद्दलच बोलायचं आहे. बाईला मैदान मिळतं की नाही, हा प्रश्न आपण अधूनमधून विचारतो. तिला खेळायला वर्षं किती मिळतात, हा प्रश्न आपण फारसा विचारत नाही.

त्यासाठी मी एका खेळाडूची कारकीर्द तुमच्यासमोर मांडणार आहे. ती फार लांबची नाही. हा गड उतरून वीसेक किलोमीटर गेलं की कोल्हापूर लागतं, तिथलीच आहे. तेजस्विनी सावंत, नेमबाज. तिच्या अभिनंदनाचे फलक आपण सगळ्यांनी चौकाचौकात पाहिले आहेत. फलकावर पदक असतं, नेत्यांचे फोटो असतात, वर्षं नसतात. आज आपण वर्षं मोजू या.

तेजस्विनीचा जन्म सप्टेंबर १९८० चा. वडील नौदलात होते. कोल्हापुरात जयसिंग कुसाळे यांच्या हाताखाली ती नेमबाजी शिकली. २००४ साली इस्लामाबादला दक्षिण आशियाई स्पर्धा झाल्या, तिथं भारताच्या संघात ती होती आणि संघानं सुवर्ण मिळवलं. २००६ साली मेलबर्नच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिनं दहा मीटर एअर रायफलमध्ये दोन सुवर्णपदकं घेतली, एक एकटीनं आणि एक अवनीत कौर सिद्धूच्या जोडीनं. २००९ साली म्युनिकच्या विश्वचषकात कांस्य. २०१० च्या फेब्रुवारीत तिचे वडील गेले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये म्युनिकलाच जागतिक अजिंक्यपद स्पर्धा होती. तिथं पन्नास मीटर रायफल प्रोन, म्हणजे जमिनीवर पालथं पडून नेम धरायचा, या प्रकारात तिनं ६०० पैकी ५९७ गुण केले. विश्वविक्रमाची बरोबरी झाली आणि ती जगज्जेती झाली. नेमबाजीत जागतिक अजिंक्यपद मिळवणारी ती पहिली भारतीय स्त्री. २०११ साली तिला अर्जुन पुरस्कार मिळाला.

इथं गोष्ट संपली असती तर ती शाळेच्या पुस्तकात घालायला सोयीची झाली असती. मला पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. २००८ चं बीजिंग, २०१२ चं लंडन, २०१६ चं रिओ, अशी तीन ऑलिंपिक झाली आणि तिन्ही तिच्याविना झाली. जगज्जेती असूनही. मधे वय वाढत होतं. मागून सोळा-सतरा वर्षांच्या मुली येत होत्या. तिचं लग्न झालं. आपल्याकडं या टप्प्यावर बाईला काय सांगतात, ते मी तुम्हाला सांगायची गरज नाही. ‘झालं की आता. नाव झालं, पुरस्कार झाला, आता संसाराकडं बघ.’

तिनं रायफल खाली ठेवली नाही. २०१८ साली ऑस्ट्रेलियात गोल्ड कोस्टला राष्ट्रकुल स्पर्धा झाल्या तेव्हा ती ३७ वर्षांची होती. प्रोनमध्ये रौप्य घेतलं आणि थ्री पोझिशनमध्ये, म्हणजे गुडघ्यावर बसून, पालथं पडून आणि उभं राहून अशा तिन्ही प्रकारे नेम धरायचा त्यात, सुवर्ण घेतलं. २०१९ च्या नोव्हेंबरात दोह्याला आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत ती चौथी आली. पदक नाही, पण त्या चौथ्या क्रमांकानं भारताला टोकियो ऑलिंपिकची एक जागा मिळाली. करोनामुळं ते ऑलिंपिक वर्षभर पुढं गेलं. २०२१ च्या जुलैच्या शेवटच्या दिवशी तेजस्विनी पहिल्यांदा ऑलिंपिकच्या रेंजवर उभी राहिली, तेव्हा तिचं चाळिसावं वर्षही पूर्ण होऊन गेलं होतं. १२०० पैकी ११५४ गुण आणि तेहतिसावा क्रमांक.

तेहतिसावा. दुसऱ्या दिवशी बातम्यांत एवढंच आलं की आव्हान संपुष्टात आलं. मैत्रिणींनो, आपण चळवळीतल्या बायका. आपण तरी हा आकडा वेगळा वाचायला शिकलं पाहिजे. इस्लामाबाद ते टोकियो, सतरा वर्षं. एका बाईनं सतरा वर्षं देशाच्या संघाच्या आसपास स्वतःला टिकवून ठेवलं. त्यात ती जिंकली, मागं पडली, पुन्हा शिकली, पुन्हा जिंकली. पुरुषाच्या आयुष्यात याला आपण कारकीर्द म्हणतो. बाईच्या आयुष्यात याला ‘हौस’ म्हणतात, नाहीतर ‘हट्ट’ म्हणतात.

आता थोडं लांब जाऊ, जपानमध्ये. तुमच्यापैकी काहींनी टीव्हीवर बर्फावरचं फिगर स्केटिंग पाहिलं असेल. पायात पात्याचे बूट, संगीत चालू, आणि बर्फावर घसरत जाता जाता हवेत उडी मारून गिरक्या घ्यायच्या. जपानात या खेळाचं वेड आहे. तिथं नागोया शहरात १९६९ साली जन्मलेली मिदोरी इतो नावाची खेळाडू. प्रशिक्षक माचिको यामादा यांच्या घरी राहून ती वाढली. तोंड पुढं करून उडी घ्यायची आणि हवेत साडेतीन गिरक्या मारून एका पायावर उतरायचं, याला ट्रिपल अ‍ॅक्सेल म्हणतात. १९८८ साली स्पर्धेत ही उडी मारणारी मिदोरी ही जगातली पहिली स्त्री. १९८९ साली पॅरिसला ती जगज्जेती झाली. या खेळात तो मान मिळवणारी आशियातली पहिली खेळाडू. अंगानं ठेंगणी, दणकट. त्या काळी या खेळात दोन प्रकारचे गुण असत. एक कौशल्याचे आणि दुसरे सादरीकरणाचे. सादरीकरण म्हणजे काय? बाई कशी दिसते, कशी वळते, किती नाजूक वाटते, हे सगळं त्यात येऊन बसायचं. कौशल्यात ही पुरुषांच्या तोडीची, पण नाजूकपणाच्या तराजूत तिला हलकं धरलं जायचं.

१९९२ च्या हिवाळी ऑलिंपिकला ती गेली तेव्हा अख्ख्या देशानं सुवर्णपदक तिच्या नावावर लिहून टाकलं होतं. पहिल्या भागात ती पडली. दुसऱ्या भागात मात्र तिनं ट्रिपल अ‍ॅक्सेल मारून दाखवली, ऑलिंपिकमध्ये ती उडी मारणारीही ती पहिलीच स्त्री ठरली, आणि रौप्यपदक मिळवलं. त्यानंतर या बाईनं काय करावं? देशाची माफी मागितली, सुवर्ण आणलं नाही म्हणून. वय वर्षं बावीस.

तिच्याच गावची, तिच्याच यामादाबाईंच्या हाताखालून गेलेली माओ आसादा. तीन वेळा जगज्जेती, २०१० च्या व्हँकुव्हर ऑलिंपिकमध्ये रौप्य. २०१४ साली सोचीच्या ऑलिंपिकमध्ये पहिल्या भागात तिचं बिनसलं आणि ती सोळाव्या क्रमांकावर गेली. लगेच जपानचे एक माजी पंतप्रधान बोलले की ही मुलगी मोक्याच्या वेळी नेहमी पडते. त्याच्या आत-बाहेर ती पुन्हा बर्फावर उतरली आणि आयुष्यातली सर्वांत चांगली कामगिरी करून सहावी आली. २०१७ साली सव्वीस वर्षांची असताना ती निवृत्त झाली.

हे मी का सांगितलं? जपान श्रीमंत देश आहे. तिथं बर्फाची सभागृहं आहेत, प्रशिक्षक आहेत, प्रायोजक आहेत. आपल्याकडं नाही ते सगळं आहे. तरी बाईला पडायची परवानगी तिथंही नाही. तिच्या एका पडण्याचा हिशेब देश मागतो, माजी पंतप्रधान मागतात. शिवाय तिनं काय घालून पडायचं, हेही नियमात लिहिलेलं होतं. १९८८ नंतर या खेळात स्त्रियांनी स्कर्टच घातला पाहिजे असा नियम झाला, तो २००४ साली निघाला. आणि मुली किती लहान? २०२२ साली बीजिंगच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये पंधरा वर्षांच्या एका रशियन मुलीवरून मोठं वादळ झालं. त्यानंतर मोठ्या गटात खेळायचं किमान वय पंधरावरून टप्प्याटप्प्यानं सतरा करायचं ठरलं. म्हणजे मोठ्यांचा खेळ म्हणून जो जगाला दाखवला जातो, त्यात इतकी वर्षं शाळकरी पोरींची शरीरं उड्या मारत होती.

या तुलनेत नेमबाजी बरी, असं वाटतं. निशाण्याला डोळे नसतात. गोळी कुठं लागली एवढंच तिथं मोजतात. समोरची बाई काळी आहे की गोरी, जाड आहे की बारीक, कपाळावर कुंकू आहे की नाही, कागदाला त्याचं काही नाही. एअर रायफलच्या निशाण्यावरचा दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. तो ठिपका लाच घेत नाही आणि टोमणेही मारत नाही. म्हणूनही असेल, आपल्या मुलींना या खेळात वर जाता आलं.

पण निशाणा आंधळा असला तरी नियम करणारे आंधळे नसतात. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये रायफलच्या स्पर्धेत स्त्री-पुरुष एकत्र होते. मार्गारेट मर्डॉक या अमेरिकन बाईनं पहिल्या आलेल्या पुरुषाइतकेच गुण केले. बारीक मोजणीत तिला रौप्य मिळालं. तो पुरुष सरळ माणूस होता, त्यानं तिला हात देऊन वरच्या पायरीवर आपल्या शेजारी उभं केलं. १९९२ साली बार्सिलोनाला स्कीट, म्हणजे उडत्या तबकड्या टिपायच्या, या एकत्र स्पर्धेत चीनच्या झांग शाननं सगळ्या पुरुषांना मागं टाकून सुवर्ण घेतलं. पुढच्या, म्हणजे १९९६ च्या ऑलिंपिकमध्ये स्कीट फक्त पुरुषांसाठी होतं. स्त्रियांसाठी वेगळी स्पर्धा ठेवायला २००० साल उजाडावं लागलं. म्हणजे जिंकलेल्या बाईला आपलं सुवर्ण राखायला उभं राहायलाच जागा नाही.

आता तेजस्विनीकडं परत येऊ. ती जगज्जेती झाली ती पन्नास मीटर प्रोनमध्ये. ऑलिंपिकमध्ये स्त्रियांसाठी प्रोनची स्पर्धा नव्हती. पुरुषांसाठी होती, ती रिओपर्यंत चालली. म्हणजे २०१२ साली जगज्जेता पुरुष त्याच्या प्रकारात ऑलिंपिक खेळू शकत होता, जगज्जेती बाई तिच्या प्रकारात खेळू शकत नव्हती. तिला दुसऱ्या प्रकारातून वाट काढावी लागली, पालथं पडून मिळवलेलं प्रावीण्य गुडघ्यावर आणि उभ्यानं पुन्हा कमवावं लागलं. त्याला वर्षं लागली. फलकावर हे कुठं लिहिलेलं असतं? आणखी एक. पुरुष एअर रायफलमध्ये साठ गोळ्या झाडत, स्त्रिया चाळीस. बाईला साठ झेपणार नाहीत, हे कुणी ठरवलं? २०१८ साली नियम बदलला आणि स्त्रियाही साठ झाडू लागल्या. कुणाला काही झालं नाही.

बाईच्या शरीराबद्दल सांगितल्या जाणाऱ्या गोष्टी अशाच असतात. मलेशियाची नूर सूर्यानी ताइबी २०१२ साली लंडन ऑलिंपिकमध्ये एअर रायफल खेळली तेव्हा आठ महिन्यांची गरोदर होती. जॉर्जियाची निनो सालुक्वाद्झे १९८८ सालच्या सोल ऑलिंपिकमध्ये सुवर्ण जिंकली आणि २०२४ च्या पॅरिसपर्यंत सलग दहा ऑलिंपिक खेळली. २०१६ साली रिओला तिचा मुलगाही नेमबाज म्हणून तिच्यासोबत होता. लेकरू झालं की खेळ संपतो, हा निसर्गाचा नियम असता तर असं घडलं नसतं. तो घरकामाच्या वाटणीचा नियम आहे. ज्या घरात लेकरू सांभाळायला दुसरे हात असतात तिथं खेळ संपत नाही.

आणि बाईला वर्षं मिळाली की काय होतं, तेही बघा. ती वर्षं तिच्या एकटीजवळ राहत नाहीत. मुंबईची अंजली वेदपाठक एनसीसीतून नेमबाजीत आली आणि २००० साली सिडनीला ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोचली. ती आपल्याला अंजली भागवत म्हणून माहीत आहे. लग्नाबरोबर नाव बदललं, निकालाच्या जुन्या कागदावर मात्र माहेरचंच आहे. तिच्या बरोबरीच्या सुमा शिरूर आणि दीपाली देशपांडे २००४ साली अथेन्सला खेळल्या. या बायकांनी रेंजवर मुलींची जागा तयार केली. मग तेजस्विनी आली. तेजस्विनीला बघून कोल्हापूरचीच राही सरनोबत या खेळात आली. २०१३ साली पिस्तुलात विश्वचषकाचं सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय ठरली. मग कोपराच्या दुखापतीनं तिला मागं ओढलं. त्यातून उठून २०१८ साली तिनं आशियाई स्पर्धेत सुवर्ण घेतलं. नेमबाजीत आशियाई स्पर्धेचं वैयक्तिक सुवर्ण मिळवणारी पहिली भारतीय स्त्री. तिला घडवणारी प्रशिक्षकही बाईच, मंगोलियात जन्मलेली मुंखबायार दोर्जसुरेन. १९९२ आणि २००८ अशा सोळा वर्षांच्या अंतरानं ऑलिंपिकची दोन कांस्यपदकं मिळवलेली.

आता २०२४ ला या. ऑगस्टच्या एक तारखेला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसला पन्नास मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्य मिळवलं. १९५२ साली खाशाबा जाधवांनी हेलसिंकीत कुस्तीचं कांस्य आणलं होतं, त्यानंतर महाराष्ट्राला मिळालेलं हे वैयक्तिक पदक. कोल्हापूरनं हत्तीवरून साखर वाटायचंच बाकी ठेवलं. त्या पोराचं कौतुक करावं तेवढं थोडं आहे. पण त्याची प्रशिक्षक कोण? दीपाली देशपांडे. त्याला आधार देणाऱ्यांत कोण? तेजस्विनी सावंत. ज्या बायकांना स्वतःला ऑलिंपिकचं पदक मिळालं नाही, त्यांच्या साठलेल्या वर्षांतून ते पदक आलं. आपल्या समाजात बायकांचं साठलेलं काम असंच दुसऱ्याच्या नावावर निघतं. फरक एवढाच की या मुलानं आणि या बायकांनी ते लपवून ठेवलं नाही.

खाशाबांचं नाव निघालं म्हणून आठवण देते. त्यांना हेलसिंकीला पाठवण्यासाठी राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. ही गोष्ट कोल्हापुरात अभिमानानं सांगतात आणि ती अभिमानाचीच आहे. मला फक्त विचारायचं आहे की, मुलीच्या खेळासाठी घर गहाण टाकल्याची गोष्ट आपल्या गावात किती जणींना ऐकून माहीत आहे? मुलीच्या लग्नासाठी टाकल्याच्या गोष्टी हव्या तेवढ्या मिळतील.

कोल्हापूर ही खेळाची नगरी म्हणतात. राजर्षी शाहूंनी खासबाग मैदान बांधलं, गल्लोगल्ली तालमी उभ्या राहिल्या. तालमीत मातीचा आखाडा, वर राहायची सोय, खुराकाची सोय. गरिबाच्या पोरालाही तालमीत दहा वर्षं मिळायची. ही वेळ देणारी फार मोठी व्यवस्था होती, फक्त ती पोरांची होती. महाराष्ट्र केसरी १९६१ साली सुरू झाली. स्त्रियांची महाराष्ट्र केसरी पहिल्यांदा भरली २०२३ साली, सांगलीला, आणि प्रतीक्षा बागडीनं ती जिंकली. मधे बासष्ट वर्षं गेली. ज्या गडावर आपण बसलोय तिथून ताराराणींनी राज्य चालवलं. कोल्हापुरात कावळा नाक्यावर त्यांचा घोड्यावरचा पुतळा आहे, हातात तलवार आहे. पुतळ्याला घोडा आणि तलवार आपण दिली. गावातल्या पोरीला सायकल द्यायला मात्र दहावीचा निकाल बघतो.

आता आपल्या गटांतल्या घरांकडं येऊ. मी ज्या वस्त्यांत काम करते तिथं शाळेत सहावी-सातवीपर्यंत मुली खो-खो खेळतात आणि काय धावतात! आठवीत निम्म्या होतात. नववीत संघ भरत नाही. का? पाळी आली. शाळेत कपडा बदलायला जागा नाही. सरावाला थांबलं तर शेवटची एसटी चुकते. घरी आई धुण्याभांड्याला किंवा भांगलणीला जाते, मग धाकट्याला कोण सांभाळणार? चड्डी घालून पळते म्हणून कुणीतरी बापाला टोचून बोलतं. यातलं एकही कारण मुलीच्या ताकदीचं नाही. मुलगा याच वयात ग्रामपंचायतीच्या मैदानावर अंधार पडेपर्यंत असतो. त्याच्यासाठी भाकरी झाकून ठेवलेली असते. ती भाकरी थापणारी त्याची बहीण असते. म्हणजे त्याचा खेळण्याचा वेळ आभाळातून पडत नाही. तो बहिणीच्या वेळेतून काढलेला असतो.

पैशाचं सोंग आणता येत नाही, हेही खरं. नेमबाजी हा महागडा खेळ आहे. परदेशी रायफल लाखांत जाते, जाड जाकीट, गोळ्या, सगळंच महाग. पन्नास मीटरच्या रायफलीला शस्त्र परवाना लागतो. स्वप्नीलच्या आईवडिलांना गोळ्यांसाठी कर्ज काढावं लागलं होतं, आणि त्याचे वडील शिक्षक, आई सरपंच. मग मजुरी करणाऱ्या बाईच्या पोरीनं काय करायचं? म्हणून मी असं म्हणत नाही की आपल्या प्रत्येक मुलीला तेजस्विनी करा. मी म्हणते, तेजस्विनीला जे मिळालं त्यातलं जे पैशाचं नव्हतं, ते तरी आपल्या हातात आहे की नाही ते बघू. घरानं पाठीशी उभं राहणं पैशानं मिळत नाही. हरल्यावर ‘आता पुरे’ न म्हणणं पैशानं मिळत नाही. शिकवणारं चांगलं माणूस गावात असणं, नोकरीत सरावाला सवड मिळणं, यासाठी सरकारशी भांडता येतं आणि भांडायची आपल्याला सवय आहे.

आणखी एक गोष्ट बोलल्याशिवाय पुढं जाता येत नाही. २०२३ च्या जानेवारीत देशाच्या नामांकित महिला कुस्तीगीर दिल्लीत जंतरमंतरवर धरण्याला बसल्या. आरोप लैंगिक छळाचा होता आणि तो संघटनेच्या प्रमुखावर होता. त्यांतली ऑलिंपिक पदकविजेती साक्षी मलिक डिसेंबरमध्ये आपले बूट टेबलावर ठेवून कुस्तीतून निघून गेली. तिची पुढची वर्षं कुणी घेतली? दुखापतीनं नव्हे, वयानं नव्हे. कामाच्या ठिकाणी छळाविरुद्ध २०१३ साली कायदा झाला, त्याआधी १९९७ साली विशाखा खटल्याचा निकाल लागला. क्रीडासंकुल, अकादमी, क्रीडासंघटना ही सगळी त्या कायद्यात येतात. आपण तालुक्याच्या कार्यालयात समिती आहे का, हे विचारायला जातो. मैदानावर समिती आहे का, हे विचारायला आपण किती वेळा गेलो? मुलगी खेळ सोडते तेव्हा कारण नेहमी अभ्यासाचंच नसतं.

आपल्या चळवळीतही या विषयाकडं जरा दुरून बघितलं जातं. मारहाण, हुंडा, दारू, जमीन, रोजगार, हे प्रश्न समोर असताना खेळ चैनीचा वाटतो. पण नीट बघितलं तर बाईच्या शरीरावर हक्क कुणाचा, हाच प्रश्न इथंही आहे. मुलीला लहानपणापासून आपण काय शिकवतो? पाय जवळ घेऊन बस, जोरात हसू नको, पळू नको, अंग चोरून चाल. खेळणारी मुलगी नेमकं उलटं शिकते. श्वास कसा रोखायचा, पाय कुठं घट्ट रोवायचे, पडलं तर कसं उठायचं. स्वतःच्या शरीरावर तिचा भरवसा बसतो. उद्या कुणी हात उगारला तर असा भरवसा असलेली बाई पहिल्यांदा ‘माझंच काहीतरी चुकलं असेल’ असं म्हणणार नाही. आणि खेळ फक्त पोरींनीच का खेळावा? नागपंचमीला माहेरी आलेल्या बायका झिम्मा-फुगडी खेळतात तेव्हा चाळिशीची बाई अर्धा तास गरगर फिरते आणि दमत नाही. मग वर्षातले उरलेले दिवस ती कुठं फिरते?

तेव्हा शिबिरातून जाताना एक काम बरोबर न्या. मोठं नाही. आपापल्या गावच्या शाळेत जा. खेळाचं रजिस्टर मागा. सहावीत संघात किती मुली होत्या, दहावीत किती उरल्या, एवढं वहीत लिहा. ज्या गळाल्या त्यांच्या घरी जा, आईशी बोला, मुलीशी वेगळं बोला, कारण लिहा. शाळेत पाणी असलेलं स्वच्छतागृह आहे का, सरावाच्या वेळेनंतर एसटी आहे का, मैदानावर दिवा आहे का, शिकवायला बाई आहे का, तक्रार ऐकायला समिती आहे का, हे पाच प्रश्न गटविकास अधिकाऱ्यांना आणि क्रीडा अधिकाऱ्यांना लेखी विचारा, आणि पोच घ्या. आणि घरात, आपल्या स्वतःच्या घरात, आठवीतल्या मुलीचं संध्याकाळचं काम तिच्या भावाच्या वाटणीला लावा. यातलं हे शेवटचं सगळ्यांत अवघड आहे, ते मला माहीत आहे.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं आपली वही आणायची आहे. कुणाच्या वहीत किती मुली गळाल्या, तो आकडा आपण फळ्यावर मांडू आणि जिल्ह्याला घेऊन जाऊ. आता प्रश्न विचारा.